गवयाची भाकरी

खेड्यातल्या शाळेत एखाद्या मुलाचा गळा चांगला निघतो. पंधरा ऑगस्टला तो ध्वजासमोर गाणे म्हणतो, गावकरी माना डोलावतात, सरपंच खिशातून नोट काढून बक्षीस देतात. दुसऱ्या दिवशी गुरुजी मुलाच्या बापाला गाठतात आणि सांगतात, "याला गाणे शिकवा. गळ्यात सूर आहे." बाप थोडा वेळ गप्प राहतो आणि मग विचारतो, "शिकवू की हो. पण गाऊन खाईल काय?"

या बापाला कोणी अरसिक म्हणू नये. त्याचा प्रश्न फार जुना आहे, आणि मोठमोठ्या गवयांनाही तो चुकलेला नाही. गवयांच्या गोष्टी आपण ऐकतो त्या त्यांच्या तानांच्या, दमसासाच्या, नाहीतर लहरीपणाच्या. त्यांच्या चुलीवर काय शिजत होते आणि वाण्याचे बिल कोण भागवीत होते, हे त्या गोष्टींत फारसे येत नाही. आज मी तेवढेच सांगणार आहे. गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रातल्या गवयाचा धनी कसा बदलत गेला, आणि तो बदलताना कोणाला काय मोजावे लागले, याची ही हकीकत आहे.

पहिला धनी म्हणजे संस्थानिक. राजाने गवई पदरी ठेवायचा, त्याला तनखा बांधून द्यायचा, राहायला घर द्यायचे, सणावाराला शालजोडी द्यायची. गवयाने दरबारात हजेरी लावायची. ऐकायला हे फार सुखाचे वाटते. पोटाची चिंता नाही, मेहनतीला वेळ भरपूर, ऐकणारा जाणकार असला तर सोन्याहून पिवळे. शेकडो वर्षे आपले रागसंगीत या तनख्यावर जगले, हे नाकारून चालणार नाही. पण तनख्याला दुसरी बाजू होती. अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट घ्या. त्यांचा जन्म १८५५ चा, राजपुतान्यातल्या उणियारा येथला. उमेदीच्या काळात ते माळव्यात आमलेटा नावाच्या लहानशा संस्थानात होते. तिथला राजा गाण्याचा मोठा शौकीन. इतका शौकीन, की तो गवयाला थांबू देईना. दिवसामागून दिवस गाऊन गाऊन खाँसाहेबांचा आवाज बसला, आणि बसला तो पुन्हा पूर्वीसारखा कधी उमटला नाही. जो आवाज उरला त्याला पेलेल अशी नवी गायकी त्यांना घडवावी लागली, तिलाच आज आपण जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणतो. त्यातून संगीताला लाभ झाला, ही गोष्ट निराळी. पण धन्याची हौस भागवताना नोकराचा गळा गेला, हे विसरता येत नाही. बैलालादेखील दुपारी सोडतात.

आपल्याकडे ख्याल आणला तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. मिरजेजवळच्या बेडगचा हा मुलगा, जन्म १८४९ चा. त्या काळी आपल्या मुलखात शिकवणारा नव्हता. म्हणून तो घर सोडून उत्तरेकडे गेला, गुरूच्या घरी पडेल ते काम केले आणि ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशांकडून विद्या घेऊन परत आला. येताना गाण्याबरोबर दम्याचे दुखणेही त्याच्यासोबत होते. मिरजेची हवा कोरडी, ती मानवते, म्हणून बुवा त्या भागात राहिले. मिरज आणि इचलकरंजी या दोन संस्थानांच्या आश्रयाने त्यांनी शिष्य तयार केले. दम्याचा माणूस गवयांची पिढी घडवतो, हे नवलच म्हणायचे.

आता एक मधला प्रकार सांगतो, कारण तो मौजेचा आहे आणि आपल्याच भागातला आहे. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ हे विलक्षण गवई, पण संसाराची शुद्ध नसलेले. भटकत भटकत ते काशीला पोचले होते. तिथे ते विष्णुपंत छत्र्यांच्या दृष्टीस पडले. छत्रे म्हणजे सर्कसवाले छत्रे. हे स्वतः हद्दू खाँकडे गाणे शिकलेले, म्हणजे रहिमत खाँ त्यांचे गुरुपुत्र. छत्र्यांनी त्यांना आपल्याबरोबर घेतले, आणि वाघ, हत्ती, घोड्यांच्या त्या लवाजम्यात हा 'भूगंधर्व' गावोगाव हिंडला. पुढे खाँसाहेब कुरुंदवाडला राहिले आणि तिथेच १९२२ साली वारले. सर्कशीच्या मालकाने गवई सांभाळला, याचे हसू येईल. पण सर्कशीला येणारा माणूस तिकीट काढून येतो, हे लक्षात ठेवा. छत्र्यांच्या गल्ल्यात जमणारे पैसे कोणा राजाच्या खजिन्यातले नव्हते, चार आणे आठ आणे देणाऱ्या लोकांचे होते. गवयाचा नवा धनी तिथे दिसू लागला होता.

त्याच कुरुंदवाडात १८ ऑगस्ट १८७२ रोजी एका कीर्तनकाराच्या घरी विष्णू दिगंबर पलुसकरांचा जन्म झाला. लहानपणी उत्सवातल्या दारूकामाने त्यांचे डोळे दुखावले. शाळेचे शिक्षण थांबले. मिरजेच्या डॉक्टर भडभड्यांनी उपचार केले, पण दृष्टी पुरती सुधारेना. तेव्हा या मुलाला आवाज आहे, याला गाणे शिकवा, असा सल्ला त्यांनीच दिला. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांनी खर्चाची सोय केली, आणि मुलगा बाळकृष्णबुवांच्या हाताखाली आला. सुमारे नऊ वर्षे तालीम झाली. सगळे सुरळीत होते. पुढे दरबारी गवई होऊन हा मिरजेतच सुखाने राहिला असता.

पण १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. का सोडली? चरित्रकार सांगतात ते असे. गावात काही समारंभ होता. विष्णुबुवांना आमंत्रण आले, कारण त्यांच्यावर राजाची मर्जी. त्यांच्या गुरूंना मात्र आले नाही. विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, ते काय, गवईच! ज्याच्यापाशी आपण बसून शिकलो त्याची समाजात एवढीच किंमत असेल, तर उद्या आपली किंमत याहून वेगळी कशी असणार, हा विचार त्या तरुणाच्या मनाला लागला. तपशील कसाही असो, पुढचे सगळे आयुष्य ते या एका प्रश्नाला उत्तर देत राहिले. भाकरी तर दरबारात मिळतच होती. त्यांना भाकरीबरोबर मान हवा होता, आणि तो राजाच्या मर्जीवर अवलंबून नको होता.

सातारा, बडोदे, ग्वाल्हेर असा प्रवास सुरू झाला. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. आज यात काही विशेष वाटत नाही. त्या काळी ते धाडस होते. राजवाड्यात किंवा सावकाराच्या माडीवर मोजकी माणसे गाणे ऐकत. ज्याच्या घरी बैठक, त्याने बोलावले तरच आत पाऊल टाकायचे. तिकिटाने ते दार उघडले. पैसे दिले की कोणीही बसावे, शिंप्याने बसावे, मास्तराने बसावे. आणि गवयाच्या बाजूनेही एक गाठ सुटली. शंभर माणसांनी थोडे थोडे दिले, तर त्यांतल्या एकाचाही हुकूम ऐकण्याचे कारण राहत नाही.

पुढे मथुरा, दिल्ली, जालंधर करीत ते लाहोरला पोचले आणि ५ मे १९०१ रोजी तिथे गांधर्व महाविद्यालय काढले. संगीतशाळा त्यापूर्वीही होत्या. पुण्यात गायन समाज १८७४ पासून होता. बडोद्याला मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ साली निघाली होती, पण ती सयाजीरावांच्या खजिन्यावर चालणारी. लाहोरची शाळा चालली ती देणग्यांवर, विद्यार्थ्यांच्या फीवर आणि बुवांच्या स्वतःच्या जलशांवर. फी घेऊन गाणे शिकवणे तेव्हा अनेक बुजुर्गांना रुचले नाही. विद्या गुरूची सेवा करून मिळवायची, ती काय बाजारात विकायची, असे ते म्हणत. मला वाटते, या बोलण्यात थोडे तथ्य होते आणि थोडी लबाडीही होती. सेवेच्या नावाखाली शागिर्दाने वर्षानुवर्षे पाणी भरायचे, आणि उस्तादाची लहर लागेल तेव्हा एखादी चीज पदरात पडायची, अशी उदाहरणे थोडी नाहीत. फीमुळे निदान एवढे झाले की, किती वाजता शिकवणार आणि काय शिकवणार, हे विचारण्याचा हक्क शिकणाऱ्याला मिळाला.

शिक्षकमंडळींना या शाळेचा एक भाग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. बुवांनी 'उपदेशक वर्ग' काढला होता. ज्या मुलांना गाणे हाच व्यवसाय करायचा, त्यांना राहणे, जेवण आणि शिक्षण फुकट. मात्र नऊ वर्षे राहण्याचा करार लिहून द्यायचा. आजच्या भाषेत सांगायचे तर हे गाण्याचे अध्यापक विद्यालयच होते. बुवांना पक्के ठाऊक होते की शिकलेला प्रत्येक मुलगा मैफल मारणारा होणार नाही. दहांतला एखादा मैफलीचा गवई होईल, बाकीच्यांनी काय करायचे? त्यांनी गावोगाव जाऊन शिकवायचे. म्हणून स्वरलिपी हवी, क्रमिक पुस्तके हवीत, छापखाना हवा. ते सगळे त्यांनी उभे केले. शिस्त कडक होती. चहा, विडी, तंबाखू बंद. गवई म्हणजे व्यसनी ही लोकांची समजूत मोडायची, तर ती आधी आपल्या वसतिगृहात मोडली पाहिजे, असा त्यांचा हिशेब. या करड्या वळणातून ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर अशी माणसे निघाली.

१९०८ साली मुंबईत शाखा निघाली. ती वाढली, तेव्हा भाड्याची जागा पुरेना. सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची इमारत उठली. ती कर्जावर उठली. बुवा जलसे करीत, दौरे काढीत, पैसा आणीत आणि हप्त्यांत घालीत. पण माणसाचे मन एका ठिकाणी राहत नाही. बुवा हळूहळू रामभक्तीकडे वळले. रामनाम, रामायण, प्रवचने यांत त्यांचा वेळ जाऊ लागला. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते 'वंदे मातरम्' गात, त्यातून देशभर कीर्ती झाली, पण कीर्तीने व्याज फिटत नाही. अखेर १९२४ साली त्या इमारतीचा लिलाव झाला. राजाच्या दारातून मान ताठ ठेवून बाहेर पडलेल्या माणसाला सावकाराने गाठले. बुवा नाशिकला आपल्या रामनाम आश्रमात राहिले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी त्यांना मृत्यू आला तो मिरजेत, जी त्यांनी पस्तीस वर्षांपूर्वी सोडली होती.

त्यांना बारा मुले झाली, त्यांतला एकच जगला, दत्तात्रेय. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्याला शिकवले ते विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांनी. इमारत गेली होती, पण तिच्यात घडलेली माणसे उरली होती, आणि त्यांनी गुरूच्या पोराला उघड्यावर पडू दिले नाही. तोच पुढे डी. व्ही. पलुसकर म्हणून रेडिओवर घरोघर ऐकू येऊ लागला. १९५५ साली, पस्तिशीही गाठण्याआधी, तोही गेला.

विनायकबुवांचे उदाहरण जरा वेगळे आहे. दरबार आणि तिकिटाचा जलसा यांच्यामध्ये मराठी गवयाला एक तिसरे घर होते, ते म्हणजे नाटक कंपनी. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, तेव्हापासून पुढची पन्नास वर्षे चांगल्या गळ्याला तिथे पगार होता. भास्करबुवा बखल्यांसारखा थोर गवई लहानपणी किर्लोस्कर मंडळीत होता. विनायकबुवा बालगंधर्वांच्या कंपनीत नट होते. १९३२ साली ते रंगभूमी सोडून पुण्यात आले आणि ८ मे रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केले. गुरूंना त्यांचे नाटकात असणे रुचलेले नव्हते, हे त्यामागे होतेच. योगायोग असा की, त्याच वर्षी 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि थोड्याच काळात नाटक कंपन्यांची मोठी घरे बसली. विनायकबुवा वेळेवर बाहेर पडले म्हणायचे. जे पडले नाहीत, त्यांतल्या कित्येकांचे फार हाल झाले.

दरबारही तसेच बसत गेले. मे १९२२ मध्ये शाहू महाराज वारले, आणि १८९५ पासून कोल्हापुरात असलेले अल्लादिया खाँ म्हातारपणी मुंबईला आले. आता त्यांना कोण विचारणार, असे वाटण्याजोगे वय. पण मुंबईत शिकणारे होते. सूरश्री केसरबाई केरकर १९२१ साली त्यांचा गंडा बांधून घेऊन शिकू लागल्या होत्या, मोगूबाई कुर्डीकरही त्यांच्या शिष्या. दोघी गोव्याच्या. राजाच्या तनख्याऐवजी शिष्यांच्या तालमीवर खाँसाहेबांचा उत्तरार्ध गेला, १६ मार्च १९४६ पर्यंत.

बायकांची गोष्ट मात्र पुरुषांहून कठीण होती. गवयाला 'गवईच' म्हणून हिणवीत, तर गाणाऱ्या बाईला त्याहून वाईट बोलत. हिराबाई बडोदेकरांनी साधे नऊवारी पातळ नेसून, जाहीर तिकीट लावून, थिएटरात बसून गायला सुरुवात केली, तेव्हा घरंदाज बायका नवऱ्याबरोबर बाईचे गाणे ऐकायला येऊ लागल्या. हा बदल एका बाईने केवळ आपल्या वागण्याने घडवून आणला. कायदा नाही, भाषण नाही. मोगूबाईंच्या वाट्याला मात्र कष्ट फार आले. नवरा लवकर गेला, मुले लहान. गाण्यावरच घर चालवायचे. आईबरोबर तानपुऱ्यावर बसायला जाणाऱ्या किशोरी आमोणकरांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे की, आईला कसा प्रवास करावा लागे, कुठे उतरवीत आणि हातावर किती कमी ठेवीत. स्वतः किशोरीताई आयोजकांशी कडक वागत, वेळ आणि व्यवस्था यांबाबत तडजोड करीत नसत. लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणत. मला तो आईच्या अपमानाचा वसूल केलेला हिशेब वाटतो.

त्यानंतर नवा धनी आला तो म्हणजे हा रेडिओ. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. आधी ती खाजगी कंपनी होती, ती बुडाली आणि १९३० साली सरकारने कारभार हाती घेतला. राजे गेले, तेव्हा त्यांच्या जागी सरकार उभे राहिले असे म्हटले तरी चालेल. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असताना, १९५२ साली, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि गवयांच्या ध्वनिपरीक्षा घेऊन त्यांची श्रेणी ठरू लागली. मोठमोठे उस्ताद चिडले. आम्हाला पास-नापास करणार कोण? त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण लहान गवयाच्या हाती एक कागद आला. त्यावर तारीख, वेळ आणि मानधनाचा आकडा लिहिलेला. बिदागीसाठी यजमानाच्या तोंडाकडे पाहत ओसरीवर बसण्यापेक्षा तो कागद पुष्कळ बरा. या धन्याच्याही लहरी होत्या, नाही असे नाही. १९४० साली रेडिओने पेटी वर्ज्य केली, आणि तीस वर्षांहून अधिक काळ गावोगावच्या पेटीवाल्यांना तिथे हाक नव्हती. सूर लवचिक हवेत हे कारण शास्त्राचे असेलही, पोट मात्र पेटीवाल्याचे गेले.

गाण्यावर गवयाखेरीज किती घरे चालतात, हे आपल्या लक्षात येत नाही म्हणून सांगतो. मिरजेत फरीदसाहेबांच्या घराण्याने शस्त्रांचे काम सोडून तंबोरे, सतारी करायला घेतल्या, त्याला दीडशे वर्षे होऊन गेली. त्या तंबोऱ्यांचे भोपळे पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या शेतांत पिकतात. हा भोपळा खायचा नव्हे, कडू असतो. मोठा झाला की तसाच वाळवतात. चांगला वाटोळा भोपळा धरावा म्हणून शेतकरी त्याला उन्हापावसात जपतो. विष्णुबुवांच्या शिष्यांनी १९३१ साली अहमदाबादेत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. त्याच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आज तालुक्याच्या गावीही होतात. त्या परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलीच्या घरी कधी ना कधी तंबोरा किंवा पेटी येते, आणि तिचे चार पैसे मिरजेच्या कारागिरापर्यंत आणि भीमाकाठच्या मळ्यापर्यंत जातात.

आता त्या बापाला उत्तर काय द्यायचे? गुरुजींनी खोटे सांगू नये. मैफलीवर पोट भरणारे पूर्वीही थोडे होते, आताही थोडेच आहेत. बाकीचे शिकवण्या करतात, शाळेत संगीतशिक्षक होतात, नाटकसिनेमाला साथ करतात, परदेशातल्या मुलांना पडद्यावरून धडे देतात, कोणी बँकेत नोकरी करून पहाटे चारला रियाज करतात. मुलाला निदान दहा वर्षे द्यावी लागतील, आणि त्या वर्षांत घरच्यांनी त्याला पोसावे लागेल. मिरजेच्या राजाने जे विष्णुबुवांसाठी केले, ते आता बापाला करावे लागते. एवढा फरक सांगावा आणि निर्णय त्याच्यावर सोडावा.

मिरज स्टेशनावर उतरून कधी गावात गेलात, तर ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याकडे जा. अब्दुल करीम खाँ बडोद्याचा दरबार सोडून या मुलखात आले, त्यांनी जलसे केले, पुण्यात शाळा चालवली, शिष्यांना आपल्या घरी जेवू घालून शिकवले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत, पाँडिचेरीच्या वाटेवर, एका लहान स्टेशनावर त्यांनी देह ठेवला. त्यांना मिरजेत आणून या दर्ग्याच्या आवारात पुरले आहे. दर वर्षी उरुसात तिथे गाणे होते. देशभरचे गवई येतात, त्यांत मोठ्या बिदागीचेही असतात. मंडपात सतरंजीवर बसून गातात, आणि तिथे गाण्याचे पैसे कोणी मागत नाही.